गाण्याखालचं बोलणं

लग्नाच्या सीडीत माणसाचं बोलणं ऐकू येणं म्हणजे कामातली कुचराई, असं माझ्या बापाचं ठाम मत होतं. नवरदेव घोड्यावर बसला की गाणं, हळद लागली की गाणं, पंगतीत वांग्याची भाजी वाढली जात असली तरी गाणं. आमच्या बंजारा समाजात नवरी निघताना स्वतः रडत रडत ढावलो म्हणते. बापाला, भावाला, मैत्रिणींना एकेक करून हाक मारते. बा त्याच्यावरही सिनेमातलं सासरी जाण्याचं गाणं चढवायचा, आणि पडद्यावर नवरीचं तोंड नुसतं उघडत-मिटत राहायचं. गिऱ्हाइकं खूश व्हायची. "काय मिक्सिंग केलं भाऊ!" म्हणायची. त्या गिऱ्हाइकांची मला तेव्हाही कीव यायची आणि आता चाळिशी उलटून केस पांढरे झाले तरी येते.

दिग्रसच्या बसस्टँडमागे आमचं दुकान होतं. पाटीवर बाचं नाव बारीक आणि 'डिजिटल मिक्सिंग' ही अक्षरं हातभर मोठी. डिजिटल म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि चालवायला मला बसवलं, कारण मी कॉलेजात जात होते आणि पगार मागणार नव्हते. तो मागे खुर्ची टाकून बसायचा आणि "इथं फूल उडव, इथं बदाम फिरव" असं सांगायचा. एकेका लग्नात किती बदाम फिरवले त्याला सुमार नाही. गाणी मात्र तो स्वतः चढवी. ते काम त्यानं कधी माझ्या हाती दिलं नाही. कमी-जास्त आवाज करायला कान लागतो, आणि तो कान आपल्यालाच आहे, अशी त्याची समजूत होती.

दुकानाच्या मागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो. समोर रस्त्यापलीकडे जिनिंग मिल. हंगामात तिची घरघर दिवसभर चाले आणि कापसाची कुसं उडून मॉनिटरवर, दुधाच्या पातेल्यावर, याडीच्या केसांवर बसत. याडी म्हणजे आमची आई. ती चुलीपुढे बसून बाटी थापायची. ज्वारीच्या भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. त्या थापण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण घरात गाण्याशिवाय दुसरा तोच एक आवाज होता. सोबत अंबाडीची भाजी, नाहीतर लाल मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार. रविवारी मटण असलं की बाला जेवतानाही टेप लागायचा. याडी म्हणायची, "तोंडातला घास तरी ऐकू देत जा मले." बा आवाज आणखी वाढवायचा. घरात आम्ही गोरबोली बोलत असू, दुकानात हिंदी आणि गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी. इथे मी आमच्या माणसांना वऱ्हाडीतच बोलायला लावते आहे. गोरबोली लिहिली तर ज्यांना कळायला हवी त्यांनाही वाचता येणार नाही.

माझी मोठी बहीण शोभा यवतमाळला नर्सिंगला होती. होस्टेलवर राहायची, सुटीला एसटीनं घरी यायची आणि आल्या आल्या टेपचा प्लग काढायची. बा तिला भिऊन होता. तिला महागावकडच्या एका तांड्यावरचं स्थळ आलं. मुलाचे वडील हेडमास्तर. मुलगा विनोद, खतांच्या दुकानात बसायचा. त्याच्या तोंडून मी पहिल्या महिन्यात "हो" आणि "चहा नको" एवढंच ऐकलं. हेडमास्तर मात्र बोलायला लागले की चहा गार होई. शब्द असे निवडून ठेवत, जसं काही खाली कोणी उतरवून घेत बसलं आहे. बा त्यांच्यावर इतका भाळला की त्यांच्या समोर पायांत चप्पल घालायला विसरला.

शोभानं एकच अट घातली. नर्सिंग पुरं करू देणार असतील तर लग्न. बोलणी करताना सगळ्यांनी माना डोलावल्या, पण तिला डोलावलेल्या माना चालत नव्हत्या. लग्नाच्या दिवशी, मांडव भरलेला असताना ती आतल्या खोलीत बसून राहिली. "नायकाच्या समोर, चार लोकांत बोला. नाईतर मी उठत नाई." नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. आमचा नायक वयानं थकलेला होता, पण अशा कामाला नाही म्हणणारा नव्हता. त्यानं मांडवात हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर काहीतरी बोलले. मी आत शोभाजवळ होते. बाहेर बँडवाल्यांची कुरबुर, भांड्यांचा आवाज, पोरांचा कल्ला. आम्हाला शब्द कळले नाहीत. मग नायक दाराशी आला आणि म्हणाला, "बोलले वो बाई, शिकवतो म्हनले. चाल आता." शोभा उठली.

पुढची गोष्ट सांगायला फार शब्द लागत नाहीत. आधी सासूचे गुडघे दुखत होते म्हणून शोभाला कॉलेजला पाठवलं नाही. मग घरात दुसरं लग्न होतं. मग चुलत सासरे वारले. परीक्षा जवळ आली आणि कॉलेजातून निरोप आला की आता आली नाही तर नाव कमी होईल. दिवाळीला शोभा घरी आली ती पेटी घेऊनच. बानं विचारलं, "किती दिवस हायेस?" ती म्हणाली, "ते शब्द पाळतीन तवरिक." हेडमास्तरांचा निरोप आला की असं काही बोलणं झालंच नव्हतं. सूनबाईचा गैरसमज झाला असावा. मुली भावनेच्या भरात ऐकतात.

भावनेच्या भरात ऐकतात! हे वाक्य बानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, वर मानही हलवली. नायक त्या उन्हाळ्यातच वारला होता. मांडवात पहिल्या रांगेत बसलेल्यांना विचारावं तर कोणाला बँड आठवत होता, कोणाला बुंदी. आमचा सख्खा काका म्हणाला, "मी तं पान खाऊन राह्यलो होतो." याडीनं बाला विचारलं, "तुमी तं बाजूलेच बसले होते. तुमी काहून नाई बोलत?" बा म्हणाला, "एवढ्या गडबडीत मले काय आठवते?" आणि दुकानात निघून गेला. आठ-पंधरा दिवसांत आमच्या घरी बैठक बसायची ठरली.

मी म्हटलं, सीडी आहे ना. कॅमेरा मांडवातच होता, आमच्याच दुकानाचा. जे बोलणं झालं ते टेपवर उतरलेलंच असणार.

"टेप दुसऱ्या लग्नाले वापरली," बा म्हणाला.

"सीडी तं हाय."

"सीडीत गानं हाय, बेबी. बोलनं नाई त्यात. गानं चढवलं म्हंजे बोलनं गेलं."

मी सीडी लावली. मांडव, नायक उभा, हेडमास्तर हात जोडून बसलेले, शेजारी बाजेवर बा. हेडमास्तरांचे ओठ हलताहेत आणि वर भलं मोठं सनईचं गाणं. गाण्याखाली कुठंतरी माणसं बोलत होती. कान लावला की खर्जातला एखादा सूर लागे, शब्द लागत नसे.

मी ती सीडी घेऊन यवतमाळला गेले. तिथे एकाचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, एसी, आणि गडी गळ्यात हेडफोन अडकवून बसलेला, जसा डॉक्टर. त्यानं अर्धं मिनिटही ऐकलं नाही. "मॅडम, चहात घातलेली साखर काढता येते का?" असं म्हणून तो हसला. त्याचा मदतनीसही हसला. ही साखरेची गोष्ट त्यानं आधीही कित्येकांना ऐकवली असावी. मी उठले. परतीच्या एसटीत मात्र मला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी साधी होती की त्या गादीवाल्या खोलीत ती कोणाला सुचू नये याचंच नवल. बाकीच्यांच्या चहात कोणती साखर पडली ते कोणाला ठाऊक नसेल. मला ठाऊक होती. ते गाणं ज्या सीडीवरून घेतलं ती सीडी आमच्याच दुकानात, काउंटरच्या कप्प्यात पडलेली होती.

कॉम्प्युटरवर आवाज म्हणजे एक नागमोडी रेघ. वर जाते, खाली येते. लग्नाच्या सीडीतल्या रेघेत गाणं आणि बोलणं दोन्ही मिसळलेलं. दुकानातल्या सीडीत नुसतं गाणं. नुसत्या गाण्याची रेघ उलटी करायची, म्हणजे जिथं वर तिथं खाली, आणि ती लग्नाच्या रेघेवर अगदी बरोब्बर बसवायची. गाणं गाण्याला खाऊन टाकतं. उरतं ते बोलणं. एका ओळीत सांगता येतं, करायला मात्र घाम निघतो. केसभर इकडे-तिकडे झालं तर गाणं दुप्पट होऊन अंगावर येतं. त्यात दिवसा भारनियमन. आवाज जुळत आला की लाइट जाई आणि सगळं मुळापासून. बा मागे खुर्चीत बसून म्हणे, "कायले जीव आटवून राह्यली? काई निघत नाई त्यातून." तो हे फार वेळा म्हणाला. तेव्हा मला वाटलं, स्वतःची कारागिरी कोणी मोडतंय याचं त्याला वाईट वाटतं आहे.

आता यवतमाळला माझ्या ऑफिसातली पोरं येतात, मोबाइल पुढे करतात. "मॅडम, म्युझिक काढून द्या, रील टाकायचीय." ॲपमध्ये बोट लावलं की गाणं एकीकडे, बोलणं दुसरीकडे. चहा येईपर्यंत काम झालेलं असतं. मग ती पोरं काय करतात? त्या मोकळ्या झालेल्या बोलण्याच्या खाली लगेच दुसरं गाणं घालतात. माझ्या बापाची पैदास वाढली आहे, दुसरं काय.

एका दुपारी गाणं गेलं. म्हणजे खरखर उरली, पत्र्यावर वाळू पडावी तशी, पण गाणं गेलं आणि त्या खरखरीतून माणसं बोलायला लागली. सगळ्यात पहिला स्वच्छ आवाज याडीचा निघाला. ती कोणावर तरी खेकसत होती, "त्यायले भात वाढ ना, उभा काय राह्यला!" मी तिला स्वयंपाकातून ओढत आणलं आणि हेडफोन कानाला लावले. पिठाचे हात तसेच धरून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मी एवढ्यानं बोलतो काय वो?" ती चुलीकडे परत गेली. मग पुढे नायकाचा आवाज. "मास्तर, पोरगी म्हनते शिक्षन पुरं करा लागते. बोला चार लोकांत." आणि मग हेडमास्तरांचा निवडक आवाज: "सूनबाईचं शिक्षण पूर्ण करणं ही माझी जबाबदारी. मी शब्द देतो."

मी ओरडलेच. शोभा धावत आली. पण मला पुढचंही हवं होतं आणि पुढे एक विचित्र गोष्ट झाली. इतका वेळ मुकाट्यानं मिटलेलं गाणं तिथून पुन्हा वर आलं. मी जुळवलेलं काही हललं नव्हतं. तपासून पाहिलं तेव्हा कळलं की त्या तुकड्यापुरतं गाणं मोठं केलेलं आहे. आधी एका पातळीवर, मग तिथून मुद्दाम चढवलेलं, आणि बा नि हेडमास्तर बाजेवरून उठले की पुन्हा खाली आणलेलं. सबंध लग्नात असं दुसऱ्या कुठे केलेलं नव्हतं. ढावलोवरसुद्धा नाही. आवाज आपोआप चढत नाही. चढवावा लागतो, आणि चढवण्याआधी खाली काय आहे ते ऐकावं लागतं.

मग मीही माझी उलटी रेघ तेवढीच चढवली. गाणं पुन्हा मिटलं. कॅमेरा चालूच होता, बाजेवर दोघे इवाई, म्हणजे व्याही, शेजारी शेजारी, आणि आवाज माझ्या बापाचा.

"इवाई, बोलाचं होतं ते बोलले तुमी. आता पोरगी तुमची. शिकवा, नोका शिकवू, माही काई हरकत नाई."

"मग बोलायला कशाला लावलं?"

"पोरगी मांडवात येत नव्हती ना."

आणि दोघं हसले. माझा बाप हसला. हेडफोनमधून ते हसणं इतकं जवळून आलं की जणू तो माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून हसतोय.

शोभा आत चुलीकडे गेली होती, याडीला सांगायला. बा दारात उभा होता. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. समोर जिनिंग घरघरत होती. तो आत आला, खुर्चीत बसला आणि ज्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोले त्या आवाजात म्हणाला, "इवाई बोलले तेवढं ठेव. बाकीचं काप. एका मिनिटाचं काम हाय तुह्यं."

"तुमी ऐकून गानं चढवलं."

"मंग काय करतो? पोरगी पाहीन, तिले वाईट वाटन, म्हनून चढवलं."

"आन याडीनं इचारलं तवा आठवत नाई काहून म्हनले?"

"बापाची काई इज्जत असते का नाई? तुह्या बहिनीचं काम होते ना तेवढ्या तुकड्यानं? मंग झालं तं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. तेवढा तुकडा ठेवला असता तर हेडमास्तर उघडे पडले असते आणि शोभा जिंकली असती. पूर्ण ऐकवलं तर हेडमास्तरांच्याच हातात कोलीत. मी उठले. शोभाला बोलावलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि पूर्ण लावलं. बा तिथेच होता. त्याला बाहेर जायचं सुचलं नाही. शोभानं ऐकलं, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा ऐकलं. रडली नाही. हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली.

"काय करू?" मी विचारलं.

"पुरं लाव."

"शोभा, ते लोक..."

"पुरं लाव म्हनलं ना."

बैठकीला हेडमास्तर कडक इस्त्रीच्या शर्टात आले. सोबत विनोद आणि त्याचे दोन काके. आमच्या तांड्याचा नवा नायकही येऊन बसला होता. याडीनं पोहे केले होते. हेडमास्तरांनी ते सावकाश खाल्ले, लिंबू मागून घेतलं आणि मग असं बोलणंच झालं नव्हतं हा आपला मुद्दा मांडला. शब्दाला पुरावा हवा, असं म्हणाले. मी कॉम्प्युटरचे स्पीकर बाहेर आणून ठेवलेलेच होते. लावलं.

स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. नव्या नायकानं त्यांच्याकडे पाहिलं. विनोदचा एक काका म्हणाला, "हे तं मास्तरच हाय." मग बाचा आवाज आला, मग ते हसणं. याडीनं पदर तोंडाला लावला आणि बाच्याकडे बघायचं टाळलं. तेव्हापासून पुढे कितीतरी महिने तिनं ते टाळलं. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू रंग परतला. ते चक्क हसले.

"ऐकलंत ना? मी शब्द दिला होता, मी नाकारत नाही. पण मुलीच्या वडिलांनीच मला मोकळं केलं. मग माझ्याकडे बोट कसं?"

थोडा वेळ आधी ते म्हणत होते की बोलणं झालंच नाही. कोणी त्यांना हे सुनावलं नाही. आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट बोलत असला की माणसं मान खाली घालतात.

शोभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"बरोबर हाय मामाजी. बापानं मले सोडलं, तुमाले देऊन. तुमी शब्द सोडला, बाले इचारून. दोघायनं आपापल्या हातानं सोडलं, आन दोघंही हसले. मंग आता माह्यावर हक्क कोनाचा राह्यला? मले कोनाले इचारायचं कारन नाई. उद्याच्या गाडीनं मी कॉलेजात चालली."

"आणि घर?" हेडमास्तर म्हणाले.

"घर कुठी पळून जात नाई. ज्यायले यायचं असन ते येतीन," ती विनोदकडे न बघताच म्हणाली.

विनोद बुटांकडे बघत होता. त्या बुटांत त्याला काय दिसत होतं देव जाणे. बा काहीतरी म्हणायला लागला, "पोरी, मी तं तुह्याच..." शोभानं त्याच्या समोरची रिकामी ताटली उचलली आणि आत गेली. बैठक तिथेच संपली. नव्या नायकाला निकाल द्यायचा होता, तो खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. कॉलेजात नाव होतं, थोडक्यात वाचलं होतं. परीक्षा दिली, पास झाली, यवतमाळच्या एका दवाखान्यात लागली. पुढे विनोद तिच्याकडे राहायला आला. एके दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिला म्हणे. काय बोलला असं मी विचारलं तर शोभा म्हणाली, "काई नाई. मी बी नाई इचारलं." त्यांचं बरं चाललं आहे. मला तो माणूस अजूनही आवडत नाही, पण भांडी चांगली घासतो. मी बाच्या दुकानात पुन्हा बसले नाही. त्यानं दुसरा पोरगा ठेवला आणि बदाम फिरत राहिले.

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा सत्कार ठेवला होता. आम्ही सगळे गेलो. शोभा रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबडे. जेवणाआधी हेडमास्तर बोलायला उभे राहिले. शाल सावरली, पाणी प्याले. आयुष्यात काय काय केलं ते सांगत सांगत सुनेवर आले. "माझी सून आज परिचारिका आहे," ते म्हणाले, "लग्नाच्या मांडवात मी शब्द दिला आणि तो पाळला." मंडप टाळ्यांनी भरून गेला. माझा बाप पहिल्या रांगेत होता. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, शेजारच्यालाही उठवत होता.

मी शोभाकडे पाहिलं. वाटलं, आता ही उठेल, आता बोलेल. ती वाढप्याला हात करून बोलावत होती.

"दादा," ती म्हणाली, "इकडं वाढा आधी. मले भूक लागली."